मामलेदाराला थांब म्हणणारा कागद

मंगळवार, १० मार्च १९३६, बेळगाव

निकाल आमच्याविरुद्ध गेला. हरिभाऊ वकिलांकडे कारकुनी करू लागल्याला मला दीड वर्ष झालं. इतका मनाला लागलेला निकाल हा पहिलाच.

दाव्याची हकिगत इथे नीट लिहून ठेवतो. निपाणीजवळच्या बोरमाळ गावात अक्काताई नावाच्या बाईंचा अर्ध्या एकराचा पानमळा आहे. ओढ्यात त्यांचा दगडी बांध आहे आणि त्या बांधामुळे पाणी पाटाने मळ्यात येतं. ओढ्याच्या खालच्या अंगाला आण्णाप्पाचा ऊस आहे. हा बांध गेल्या दिवाळीनंतर घातला आणि माझं पाणी अडवलं, असा अर्ज त्याने मामलेदारांच्या कोर्टात केला. मामलेदारसाहेबांनी तो मान्य केला. पाडव्यानंतर, गुरुवारी २६ तारखेला, सरकारी माणसं जाऊन बांध काढणार.

अक्काताई मामलेदार कचेरीच्या पायरीवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "कारकून, येल माणसासारखा नसतोय रं. माणूस दोन दिस उपाशी ऱ्हातंय. येलाचं पाणी तुटलं की आठ दिसांत मान टाकतोय. मग पुन्यांदा उभा कराय तीन वर्सं."

मी म्हणालो, "अपील करू." हे मी हरिभाऊंना न विचारता बोललो. बोलायला नको होतं.

गुरुवार, १२ मार्च

अपील नाहीच! मामलेदाराच्या असल्या निकालावर अपील चालत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. हरिभाऊंनी कलम काढून दाखवलं. मी ते तीनदा वाचलं.

अक्काताई बेळगावला आल्या होत्या. येताना पानांची एक कवळी आणली होती. त्यांनी विचारलं, "म्हंजे त्यो मामलेदार काय बी म्हनंल आन् आमी ऐकायचं?"

हरिभाऊ म्हणाले, "काय बी नाही म्हणता येणार त्याला. बाई, कायद्यानं त्याला एक तुकडा दिलाय नांगरायला. तेवढ्यात त्यानं वाकडा नांगरला तरी कुणी विचारणार नाही. पण हद्दीपलीकडे नांगर घातला, तर मुंबईचं हायकोर्ट त्याचे बैल सोडून देतं."

"आन् हद्द कुटं हाय?"

"सहा महिने. पाणी अडवून सहा महिन्यांच्या आत अर्ज आला असेल तरच मामलेदाराचा हात पोचतो. त्याहून जुनी तक्रार असेल तर त्यानं 'दिवाणी कोर्टात जा' म्हणायचं आणि कागद मिटायचा."

"माझा बांध तीन वर्सांचा हाय की!"

"ते तुम्ही सांगता. आण्णाप्पा सांगतो दिवाळी. मामलेदारांनी त्याचं खरं धरलं. पुरावा कसा तोलला यात हायकोर्ट पडत नाही. हात पोचत नव्हता हे दप्तरातल्या कागदावरच दिसलं पाहिजे."

मी इंग्रजी पाचवीत शाळा सोडली. मामलेदाराच्या वर कलेक्टर आणि कलेक्टराच्या वर थेट बादशहा, अशी माझी समजूत होती. एक कोर्ट दुसऱ्या कोर्टाला 'तुला हा अधिकार नव्हता' असं लिहून कळवतं, हे आज प्रथम समजलं. दुपारी जेवण गेलं नाही.

शनिवार, १४ मार्च

तालुक्याला जाऊन सगळ्या कागदांच्या नकला घेतल्या. एकूण एकतीस पानं. प्रत्येक पान मूळ कागदाशी ताडून पाहिलं.

आज माझ्या हातून एक चांगलं काम झालं. शिरस्तेदारांच्या मेजावर बांध काढण्याचा हुकूम तयार पडला होता. त्यात सर्व्हे नंबर ४७ लिहिला होता. बांध ७४ मध्ये आहे. मी लगेच लक्षात आणून दिलं.

शिरस्तेदार, म्हणजे कचेरीचे मुख्य कारकून, म्हातारे आहेत. पेन्शनीला वर्षभर राहिलं असेल. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही कुणाकडचे?"

"अक्काताईंच्या वकिलांकडचा."

"मग सत्तेचाळीसच असंल. नीट बघा."

"नाही साहेब. चौऱ्याहत्तर आहे. अर्जात आहे, नकाशात आहे, निकालातही आहे."

"बाहेर ऊन किती हाय. जावा, पाणीबिणी पिऊन या."

मी गेलो नाही. तिन्ही कागद उघडून त्यांच्यापुढे ठेवले. तेवढ्यात मामलेदारसाहेब बाहेर आले, काय चाललंय ते त्यांनी विचारलं, आणि हुकूम दुरुस्त झाला. शिरस्तेदारांनी आभार मानले नाहीत. अशा बेफिकीर माणसांच्या हाती दप्तर असल्यावर चुका होणारच.

रविवार, १५ मार्च

कालची गोष्ट हरिभाऊंना सांगितली. ते लिहीत होते. लेखणी खाली ठेवली. 

"भावकू, सत्तेचाळीस नंबरात काय आहे?"

"मुरमाड माळ. तिथे ओढाच नाही."

"म्हणजे माणसं पहारी घेऊन माळावर गेली असती. पंचनामा केला असता की इथे बांध नाही. हुकूम परत. दुरुस्ती. पुन्हा तारीख. पाच-सहा दिवस आपल्याला फुकट मिळाले असते."

माझे कान तापले.

"आणि तो नंबर शिरस्तेदारांनी घाईत चुकवला, असं तुला वाटतं?"

"हो. म्हातारे आहेत ना."

"बरं," एवढंच हरिभाऊ म्हणाले आणि पुन्हा लिहू लागले.

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण एक शंका राहते ती लिहून ठेवतो. चूक दिसली तर ती सांगायची नाही, हे मला कोणत्याच मास्तरांनी शिकवलं नाही. मग मी चुकलो कुठे? तरीही अक्काताईंचे पाच दिवस मी खाल्ले, हे खरंच.

सोमवार, १६ मार्च

सापडलं! सापडलं! सापडलं!

 एकतीस पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली होती. बाविसाव्या पानावर आण्णाप्पाची उलटतपासणी आहे. ऊस, पाण्याची पाळी, विहीर असं विचारता विचारता हरिभाऊंनी त्याला सहज विचारलं होतं की बांधावरून येणंजाणं आहे का. त्यावर त्याचं उत्तर लिहिलं आहे: "माझे थोरले मुलाचे लग्नात वऱ्हाड याच बांधावरून पलीकडे नेले." पुढे तो काय म्हणतो? "लग्नास तीन वर्षे झाली. नातू दोन वर्षांचा आहे."

म्हणजे अर्जदार स्वतःच्या तोंडाने सांगतो की बांध तीन वर्षांपूर्वी होता. मामलेदारांनी ते लिहून घेतलं, खाली सही केली आणि निकाल दिला दिवाळीचा!

मी ओरडतच आत गेलो. हरिभाऊंनी ते पान खिडकीजवळ धरून वाचलं. मग मोठ्याने हसले. "हा प्रश्न मी त्याला जरा गप्पांत ओढायला विचारला होता रे. उत्तर ऐकलंच नाही. तू देवमाणूस आहेस."

परवा देवमाणूस नव्हतो. पण आज आहे.

गुरुवार, १९ मार्च

हरिभाऊंनी इंग्रजीत अर्ज लिहिला, पेठेतल्या टाइपिस्टाकडून टाइप करून घेतला. त्यांना ताप आला आहे, म्हणून मुंबईला मी जातो आहे. एकटा! तिथे त्यांचे एक सोबती हायकोर्टात वकिली करतात. कागद त्यांच्या हातात द्यायचे आणि ते सांगतील ते करायचं.

येळ्ळूरला घरी सांगून आलो. आई म्हणाली, "म्हमईला जातोयस? भांडन कुनाचं?"

"बोरमाळच्या बाईंचं."

"तुजी कोन ती?"

"कुणी नाही."

आईने दशम्या बांधून दिल्या. कागद मेणकापडात गुंडाळून सदऱ्याच्या आत पोटाशी बांधले आहेत. स्टेशनवर तीनदा चाचपले. तिकीट काढणारा संशयाने बघत होता.

सोमवार, २३ मार्च, मुंबई

तीन दिवस काही लिहिलं नाही. धर्मशाळेत उवा आहेत, हे सोडून लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

हायकोर्टाचे जिने वकिलांच्या मागोमाग चढलो. आमचं नाव पुकारलं तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वकील उभे राहिले. न्यायमूर्तींनी त्यांना बाविसावं पान उघडायला सांगितलं. म्हणजे त्यांनी ते आधीच वाचलं होतं! एक प्रश्न विचारला. वकिलांनी एका वाक्यात उत्तर दिलं. न्यायमूर्ती दोन वाक्यं बोलले आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. अकरा त्रेचाळीस.

मला वाटलं, अर्ज फेकला. बाहेर आल्यावर वकिलांच्या तोंडाकडे बघायचं धाडस होईना. ते म्हणाले, "चेहरा काय असा करतोस? रूल मिळाला. शिवाय तोवर मनाई."

रूल म्हणजे काय तेही त्यांनी सांगितलं. हायकोर्ट विचारतं, अधिकार नसताना केलेला हा हुकूम का मोडू नये, कारण दाखवा. सगळं दप्तर इकडे पाठवा. आणि आमचं ठरेपर्यंत बांधाला हात लावू नका.

तीन मिनिटांत! तिकडे मामलेदारांच्या कोर्टात आम्हाला नऊ तारखा पडल्या होत्या.

वकिलांनी लगेच मामलेदारांना आणि हरिभाऊंना तारा केल्या. मी रस्त्यात उगीचच चालत सुटलो आणि समुद्रापर्यंत गेलो. इतकं पाणी एका जागी पडून आहे आणि अर्ज करायला कोणी नाही!

मंगळवार, २४ मार्च

पाडवा. कोर्ट बंद. धर्मशाळेच्या समोरच्या घरात गुढी उभारली आहे. हुकुमाची सही-शिक्क्याची प्रत उद्या मिळेल. तार गेली आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही, असं वकील म्हणतात. मला काळजी वाटतेच आहे.

बुधवार, २५ मार्च, पुण्याच्या गाडीत

काळजी खरी ठरली. सकाळी हरिभाऊंची तार आली: मामलेदार तार मानत नाहीत. तार कोणीही करू शकतो. शिक्क्याचा कागद दाखवा, नाहीतर उद्या अकराला बांध निघणार.

खरं सांगायचं तर मामलेदारांचं म्हणणं मला पटलं. मीही तारेवर विश्वास ठेवला नसता.

हायकोर्टाची कचेरी उघडताच दारात जाऊन उभा राहिलो. दुपारी एकला कागद हाती आला. न्यायमूर्तींनी तो आमच्याच माणसाच्या हस्ते मामलेदारांना पोचवायला परवानगी दिली आहे. लाखेवर वाघ-सिंह असलं काहीतरी उमटलं आहे. मजकूर वाचून मात्र मी दचकलो. आमच्याकडे मामलेदारांना साधा अर्ज लिहायचा तरी "मेहेरबान मामलेदार साहेब यांचे हुजूर" असं लिहावं लागतं. यात नुसतं "मामलेदार" आहे आणि लगेच पुढे हुकूम! मी तिथल्या कारकुनाला विचारलं की वर मानाचं काही लिहायचं राहून गेलं का. तो त्याच्या सोबत्याला म्हणाला, "ए, बघ रे, बेळगावहून मामलेदाराचा मामा आलाय."

रागावायला वेळ नव्हता. वकिलांनी वाट ठरवून दिली आहे. पुण्याला गाडी बदलायची, मिरजेहून कोल्हापूर, आणि तिथून सर्व्हिस मोटारीने निपाणी. साधलं तर साधलं.

गुरुवार, २६ मार्च, बोरमाळ

आजचं सगळं लिहिणार आहे.

कोल्हापूरला गाडी पाऊण तास उशिरा पोचली. मोटार भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. मी सारखा पुढे जाऊन सांगत होतो, "हायकोर्टाचं काम आहे." शेवटी तो म्हणाला, "मग हायकोर्टाला मागनं ढकलाय सांगा." निपाणीत उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. साडेअकरा! बांध गेला असं धरूनच मी पळत सुटलो. अडीच मैल. एका पायातली चप्पल तंबाखूच्या रानात राहिली ती राहिलीच.

ओढ्यावर गर्दी दिसली आणि बांधही दिसला. उभा होता! अक्काताई त्याच्यावर मांडी घालून बसल्या होत्या. आण्णाप्पा चार गड्यांना घेऊन उभा होता, त्यांच्या हातांत पहारी होत्या. आणि शिरस्तेदार (हो, तेच, जातीने आले होते) छत्रीखाली बसून पंचनामा लिहीत होते.

आण्णाप्पा करवादला होता. "साहेब, दोन तास झाले. दगड मोजून काय लगीन लावायचं हाय?"

शिरस्तेदार म्हणाले, "सरकारी काम हाय. मघाशी एकशे बारा भरले, आता एकशे नऊ. तीन दगड कुटं गेले?"

"दोन तुमच्या म्होरंच काढलेत की!"

"मग एक कुटं हाय? पुन्हा मोजा."

 मी मेणकापड सोडून कागद पुढे केला. शिरस्तेदारांनी आधी चष्मा पुसला, मग लाख निरखली, मग सगळा इंग्रजी मजकूर मनात वाचला. दोन पानं होती. माणसं जवळ सरकली.

"काय लिवलंय?" आण्णाप्पाने विचारलं.

"थांबा, असं लिहिलंय."

"एवढ्या लांबड्या कागदात नुसतं थांबा?"

"होय."

"पर आमच्याकडं मामलेदारसाहेबांचा हुकूम हाय."

"मामलेदारसाहेबांनाच थांबा म्हटलंय."

 मग आण्णाप्पा म्हणाला, "मामलेदाराला थांब म्हननारा कोन?"

"हायकोर्ट."

"आन् त्येच्या वर?"

"तुमाला किती वर जायचंय आण्णाप्पा? ऊन लई झालंय. घराकडं चला."

सगळे हसले. गड्यांनी पहारी खांद्यावर घेतल्या. अक्काताईंनी माझ्या अनवाण्या पायाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बस लेका. आदी पाणी पी." मी ओढ्याचंच पाणी प्यालो.

नंतर कळलं की शिरस्तेदार सकाळी दहालाच आले होते. आधी मोजायची साखळी आणायला विसरले, म्हणून सुतळीने मोजमाप केलं. मग दौत कलंडली. मग एक पंच आण्णाप्पाचा साडू निघाला, म्हणून दुसरा आणायला गावात माणूस धाडला. इतका ढिला माणूस शिरस्तेदारीपर्यंत कसा चढला हे मला कळत नाही. पण आज त्यांच्या ढिलाईने आमचं काम झालं, म्हणून जाताना नमस्कार केला. ते म्हणाले, "तुम्ही बरेच हुशार आहात. जरा कमी हुशार झालात तर मोठे वकील व्हाल." याचा अर्थ हरिभाऊंना विचारायला हवा.

पंचनाम्यात तीन चुका होत्या. मी काही बोललो नाही.

शनिवार, २८ मार्च

मामलेदारांकडून पोच घ्यायची होती.  वाटलं, कागद फेकून मारतील, मला आत टाकतील. साहेबांनी वाचलं, सही केली, आणि शिरस्तेदारांना म्हणाले, "दप्तर मुंबईला पाठवा." मग खुर्चीत मागे टेकले आणि चहा मागवला. अपमान झालेल्या माणसासारखे ते मुळीच दिसले नाहीत. डोक्यावरचं ओझं खाली ठेवल्यासारखे दिसले. वाटेत आण्णाप्पाच्या मेव्हण्याचं नाव कानावर आलं. ते कुठल्याशा मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर कामाला असतात आणि तिथून त्यांचे निरोप कचेरीत येतात म्हणे. त्याचा याच्याशी काय संबंध ते समजलं नाही.

शुक्रवार, ४ डिसेंबर १९३६

तार आली! रूल कायम झाला. मामलेदारांचा हुकूम रद्द! आठ महिन्यांत या वहीत मी सर्दी आणि पावसाशिवाय काही लिहिलेलं नाही. आज पानभर नुसतं 'रद्द' लिहावंसं वाटतं आहे. हरिभाऊंनी पेढे आणवले. मी अर्धा खाल्ला आणि अर्धा आईला ठेवला.

रविवार, २० डिसेंबर, बोरमाळ

निकालाची प्रत घेऊन अक्काताईंकडे गेलो. पानमळ्यात आत अंधारी, ओली हवा असते. वेल डोक्याच्या वर गेले आहेत. त्यांना आणि जमलेल्या चार माणसांना मी मराठीत अर्थ करून सांगितला. आण्णाप्पाही बांधाच्या पलीकडे उभा राहून ऐकत होता. मी मुद्दाम मोठ्याने वाचलं.

झाल्यावर अक्काताईंनी विचारलं, "म्हंजे पाणी माजं ठरलं?"

इथे मी अडलो. निकालात तसं एक अक्षर नाही. मी चार वेळा शोधलं. बांध बरोबर की चूक, पाणी कोणाचं, यावर न्यायमूर्तींनी काही म्हटलेलं नाही. एवढंच म्हटलं आहे की हे विचारण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता, आणि आण्णाप्पाला वाटलं तर त्याने दिवाणी कोर्टात जावं.

"तसं नाही अक्काताई. ते अजून कुणीच ठरवलेलं नाही."

"मग येवडी म्हमई कशापायी केली?"

"ज्यानं ठरवायला नको होतं, त्यानं ठरवू नये म्हणून."

त्या उठून वेल बांधू लागल्या. आण्णाप्पा उसाकडे निघून गेला. माझा सगळा उत्साह मेला. येताना मोटारीत वाटत होतं की मी यांना एक रिकामं ताट वाढून आलो.

रविवार, १४ फेब्रुवारी १९३७, बोरमाळ

निरोप आला म्हणून आलो. वाटलं, आण्णाप्पाने दिवाणी दावा लावला. लावला तर आपल्या बाजूने काय काय आहे, ते मोटारीत मनाशी मांडत आलो. थोडा आनंदही होत होता, तो लपवत नाही.

ओढ्यावर अक्काताई आणि आण्णाप्पा शेजारी उभी होती. बांधाच्या मधले पाच-सहा दगड काढले होते आणि तिथे एक लाकडी फळी बसवली होती. मी धावतच गेलो. "बांधाला हात कुणी लावला? हायकोर्टाचा..."

"मीच लावला," अक्काताई म्हणाल्या. "माजाच बांध हाय."

मी आण्णाप्पाकडे बघितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "माज्या हातात हुकूम व्हता तवा हिच्या दारात जायाची गरज वाटली न्हाय. मग हुकूम गेला. हिच्या बी हातात काय ऱ्हायलं न्हाय, ते तुमीच वाचून दाखवलासा. दोन म्हयनं इचार केला. मग गेलतो."

"आला आन् दारात हुबा," अक्काताई म्हणाल्या. "म्हटलं, आत यायाला बी म्हमईचा कागद लागतोय काय?"

आण्णाप्पा हसला. ठरलंय ते असं: सकाळचं पाणी मळ्याला, दुपारनंतरचं उसाला. वेलाला सकाळचं गार पाणीच चालतं. उसाला कसलंही चालतं.

मी वही काढली. अशा गोष्टी लिहून, साक्षी घालून ठेवाव्यात. "दुपार म्हणजे किती वाजता? बारा की एक?"

"घड्याळ कुणाकडं हाय हितं? पलीकडच्या खडकावर ऊन आलं की," आण्णाप्पा म्हणाला.

"पण उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात ऊन एकाच वेळी येत नाही. ते कसं लिहायचं?"

"आदी बघ तरी," अक्काताई म्हणाल्या.

मी वही मांडीवर ठेवून बांधावर बसलो. त्या मळ्यात निघून गेल्या. आण्णाप्पा पलीकडे बैलांशी काहीतरी करत होता. ऊन खडकाच्या पायथ्याशी आलं, अर्ध्यावर आलं. मी दोघांकडे बघत होतो, कोण कोणाला हाक मारतं ते. कोणीच मारली नाही. ऊन खडकाच्या माथ्यावर टेकलं तशा अक्काताई वेलांतून हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी स्वतः फळी वर ओढली. पाणी खाली उसाकडे गेलं.